बटन दाबलं की फॉर्म हँग होतो: सी-शार्प, विंडोज फॉर्म्स आणि एसक्यूलाइट

कोडसकट आलेला प्रश्न थोडक्यात असा. किराणा दुकानाच्या बिलिंगसाठी सी-शार्पमध्ये विंडोज फॉर्म्सचा प्रोग्रॅम लिहिला आहे, डेटाबेस एसक्यूलाइटचा, म्हणजे एकाच फाइलमध्ये राहणारा. जुन्या प्रोग्रॅममधून काढलेली ४०,००० ओळींची सीएसव्ही फाइल 'इम्पोर्ट' बटनाने आत घ्यायची आहे. बटन दाबलं की विंडो पांढरट पडते, शीर्षकात 'नॉट रिस्पॉन्डिंग' येतं, ओळी मोजणारं लेबल शून्यावरच थांबतं आणि बऱ्याच वेळाने एकदम ४०,००० दाखवतं. वेगळा थ्रेड, म्हणजे त्याच प्रोग्रॅममध्ये समांतर चालणारा कामाचा धागा, लावला तर 'क्रॉस-थ्रेड ऑपरेशन नॉट व्हॅलिड' असा एरर येतो. कुणी सुचवलं म्हणून 'ॲप्लिकेशन.डू-इव्हेंट्स' टाकलं, विंडो हलायला लागली, पण काही नोंदी दोनदा पडल्या. शिवाय दुकानातल्या पीसीवर तारखा उलटसुलट होतात आणि मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात.

हे सगळं एकाच दोषामुळे होत नाही. प्रत्येक गोष्टीचं कारण वेगळं आहे आणि ती एकाच वेळी समोर आल्यामुळे गोंधळ वाढला आहे. नवशिके बहुतेक वेळा हँग दिसला की थेट थ्रेडकडे धावतात. माझं मत उलट आहे: आधी काम इतका वेळ का घेतंय ते शोधा, ते कमी करा आणि उरलेलं काम मग यूआय थ्रेडवरून (विंडो सांभाळणाऱ्या मुख्य थ्रेडवरून) बाजूला न्या. अकरा मिनिटांचं काम बॅकग्राउंडला ढकललं तरी दुकानदाराला अकरा मिनिटं थांबावंच लागतं.

हँग म्हणजे नेमकं काय

प्रोग्रॅम सुरू होताना 'मेन'मध्ये 'ॲप्लिकेशन.रन' ही ओळ चालते. तिथून पुढे तुमचा मुख्य थ्रेड एका न संपणाऱ्या लूपमध्ये असतो: विंडोजने पाठवलेला पुढचा मेसेज घ्यायचा, तो ज्या कंट्रोलचा असेल त्याच्याकडे द्यायचा, परत येऊन पुढचा घ्यायचा. माउसचं क्लिक, कीबोर्डचं अक्षर, विंडो पुन्हा रंगवण्याची विनंती, टायमरचा ठोका, हे सगळं याच रांगेतून येतं. तुमचं क्लिक हँडलरही या लूपनेच बोलावलेलं असतं. ते परत येईपर्यंत लूप पुढे सरकत नाही.

विंडोने ५ सेकंद मेसेज उचलले नाहीत की विंडोज ती प्रतिसाद देत नसल्याचं धरतं आणि तिच्या जागी तिचीच एक फिकट प्रत उभी करते. 'नॉट रिस्पॉन्डिंग' हे त्या प्रतीचं शीर्षक. म्हणजे प्रोग्रॅम बंद पडलेला नसतो, काम चालूच असतं. म्हणूनच टास्क मॅनेजरमधून तो मारून टाकण्याची घाई करू नका.

लेबलचंही हेच. 'लेबल१.टेक्स्ट' बदललं की लेबल लगेच रंगवलं जात नाही. 'मला पुन्हा रंगवा' एवढी नोंद होते. रंगवण्याचा मेसेज तर खूप कमी प्राधान्याचा, रांगेत दुसरं काही नसेल तेव्हाच मिळणारा. तुम्ही ४०,००० वेळा आकडा बदललात, तरी लूपला श्वास घ्यायला मिळाला नाही म्हणून पडद्यावर फक्त शेवटचा आकडा आला.

वेळ कुठे जातोय ते आधी बघा

अंदाज नको. व्हिज्युअल स्टुडिओमधून एफ५ ने प्रोग्रॅम चालवा, इम्पोर्ट दाबा आणि हँग झाल्यावर 'डीबग' मेन्यूतून 'ब्रेक ऑल' करा. मग 'थ्रेड्स' विंडोमध्ये 'मेन थ्रेड'वर डबल-क्लिक करून 'कॉल स्टॅक' उघडा. त्या क्षणी तुमच्या कोडची कोणती ओळ चालू आहे ते दिसेल. पुढे चालू करा, पुन्हा थांबवा. असं सात-आठ वेळा केलं आणि बहुतेक वेळा तीच ओळ दिसली, तर वेळ तिथेच जातोय. यासाठी कुठलंही वेगळं साधन लागत नाही, आणि हँगच्या कुठल्याही तक्रारीत पहिली पायरी हीच असावी.

तुमच्या कोडमध्ये ती ओळ 'एक्झिक्यूट-नॉन-क्वेरी' निघणार, हे लूपच्या रचनेवरूनच दिसतं. प्रत्येक ओळीसाठी वेगळा 'इन्सर्ट' आहे आणि कुठेही ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्का किंवा एकत्रच रद्द होणारा बदलांचा गट) उघडलेलं नाही. अशा वेळी एसक्यूलाइट प्रत्येक इन्सर्टला स्वतंत्र ट्रान्झॅक्शन मानतं आणि डेटा डिस्कवर खरोखर लिहिला गेल्याची खात्री होईपर्यंत थांबतं. एसक्यूलाइटच्या स्वतःच्या माहितीत हिशेब दिलेला आहे: ७,२०० आरपीएमच्या हार्ड डिस्कवर सेकंदाला साधारण ६० ट्रान्झॅक्शन्स होतात, तर एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये सेकंदाला ५०,००० किंवा जास्त इन्सर्ट सहज होतात. ४०,००० भागिले ६० म्हणजे सुमारे ६६७ सेकंद, अकरा मिनिटांच्या वर. तुमच्या लॅपटॉपला एसएसडी असेल तर आकडा बराच कमी दिसेल, पण दुकानातल्या जुन्या पीसीवर हीच अकरा मिनिटं वाट्याला येतील.

दुरुस्ती छोटी आहे. कनेक्शन उघडा, 'बिगिन-ट्रान्झॅक्शन' करा, त्यानंतर कमांड तयार करून तिच्या 'ट्रान्झॅक्शन' प्रॉपर्टीला ते ट्रान्झॅक्शन द्या. हे विसरलात तर 'मायक्रोसॉफ्ट.डेटा.एसक्यूलाइट' (सी-शार्पला एसक्यूलाइटशी जोडणारी मायक्रोसॉफ्टची लायब्ररी, म्हणजे प्रोव्हायडर) सरळ इनव्हॅलिड-ऑपरेशन-एक्सेप्शन फेकू शकतं. कमांड लूपच्या बाहेर एकदाच बनवा, पॅरामीटरही (एसक्यूएलमध्ये व्हॅल्यूंसाठी ठेवलेल्या राखीव जागा) बाहेरच जोडा. लूपमध्ये फक्त त्यांच्या 'व्हॅल्यू' बदला आणि चालवा. लूप संपला की 'कमिट'. हे सगळं 'यूझिंग'मध्ये गुंडाळा, म्हणजे मध्येच एक्सेप्शन आलं तर ट्रान्झॅक्शन आपोआप रोलबॅक होईल आणि अर्धवट डेटा मागे राहणार नाही.

पॅरामीटर मी मुद्दाम म्हणतोय. सध्या तुम्ही अधिक चिन्हाने स्ट्रिंग जोडून एसक्यूएल बनवताय. रोमन लिपीत लिहिलेल्या ग्राहकांच्या यादीत गोव्याकडचे डिसूझा, डिसिल्वा, डिमेलो आले की डीनंतरच्या ॲपॉस्ट्रॉफीवर ती स्ट्रिंग तुटते आणि 'सिंटॅक्स एरर' येतो. ॲपॉस्ट्रॉफी दोनदा लिहिण्याचा उपाय काही जण सांगतील. तो करू नका, पॅरामीटर वापरा. एसक्यूएल इंजेक्शनचा, म्हणजे इनपुटमधून कुणी भलतीच आज्ञा घुसवण्याचा, धोकाही त्यानेच जातो.

वेग वाढवायला 'प्रॅग्मा सिंक्रोनस' (डिस्कवर लिहिल्याची खात्री होईपर्यंत थांबण्याचं सेटिंग) बंद करा असाही सल्ला मिळेल. इम्पोर्टचा वेळ कमी होईल, पण लिहिताना वीज गेली तर डेटाबेस फाइल बिघडू शकते. ज्या दुकानात लोडशेडिंग आहे आणि यूपीएसची बॅटरी कमजोर आहे, तिथे हा सौदा परवडत नाही. ट्रान्झॅक्शन लावल्यावर त्याची गरजही उरत नाही.

आता काम यूआय थ्रेडवरून हलवा

ट्रान्झॅक्शननंतर हे काम काही सेकंदांवर येईल. तरीही काही सेकंद विंडो अडकणं बरं नाही, आणि फाइल पुढे मोठी होणारच. सी-शार्प ५ पासून, म्हणजे २०१२ पासून, यासाठी 'असिंक' आणि 'अवेट' आहेत. 'बॅकग्राउंड-वर्कर' त्याआधीचा, आजही चालतो. पण नव्याने शिकत असाल तर थेट असिंक-अवेट शिका.

क्लिक हँडलरची रचना अशी ठेवा. हँडलरला 'असिंक व्हॉइड' करा. आत सर्वप्रथम इम्पोर्ट बटनाचं 'एनेबल्ड' फॉल्स करा. कंट्रोलवरून जे काही वाचायचं ते इथेच साध्या व्हेरिएबलमध्ये घ्या: फाइलचा पाथ टेक्स्टबॉक्समधून, वर्ष कॉम्बोबॉक्समधून. मग 'ट्राय' उघडून 'अवेट टास्क.रन' करा आणि त्यात तुमचं इम्पोर्टचं फंक्शन बोलवा. त्या फंक्शनला पाथ, प्रगती कळवणारा ऑब्जेक्ट आणि कॅन्सलेशन टोकन (रद्द करण्याचा इशारा पोचवणारं) एवढंच द्या. फंक्शनमध्ये फॉर्मचा किंवा कुठल्याही कंट्रोलचा उल्लेख नको. 'कॅच'मध्ये मेसेजबॉक्स, आणि 'फायनली'मध्ये बटन पुन्हा चालू. फायनली विसरलात तर एखाद्या खराब फाइलनंतर बटन कायमचं करडं राहील.

'अवेट'पाशी हँडलर तिथल्या तिथे थांबून परत जातं, मेसेज लूप मोकळा होतो. काम संपलं की 'अवेट'नंतरच्या ओळी पुन्हा यूआय थ्रेडवरच चालतात, कारण विंडोज फॉर्म्सने त्या थ्रेडवर स्वतःचा सिंक्रोनायझेशन कॉन्टेक्स्ट (उरलेलं काम त्याच थ्रेडवर परत आणणारी यंत्रणा) बसवलेला असतो. म्हणून 'अवेट'नंतर लेबल बदलणं सुरक्षित आहे. लायब्ररीच्या कोडमध्ये दिसणारं 'कॉन्फिगर-अवेट फॉल्स' या हँडलरमध्ये चिकटवू नका. ते नेमकं हे परत येणंच रद्द करतं.

इथे तीन ठिकाणी हमखास पाय घसरतो.

'टास्क.रन' न वापरता 'एक्झिक्यूट-नॉन-क्वेरी-असिंक' वापरला की झालं, असं वाटतं. एसक्यूलाइटच्या बाबतीत तसं होत नाही. एसक्यूलाइटला असिंक्रोनस वाचन-लेखन येत नाही, त्यामुळे मायक्रोसॉफ्टच्या प्रोव्हायडरमधल्या असिंक नावाच्या पद्धती आतून साध्याच चालतात. कोड असिंक दिसतो, फॉर्म मात्र पूर्वीसारखाच अडकतो. एसक्यूएल सर्व्हरच्या प्रोव्हायडरमध्ये असिंक खरोखर असिंक असतो. दोन्हींसाठी लिहिलेली उदाहरणं एकत्र वाचल्याने घोळ होतो.

दुसरं, 'अवेट' ऐवजी '.रिझल्ट' किंवा '.वेट' लिहिणं. इम्पोर्टचं फंक्शन स्वतः असिंक असेल आणि यूआय थ्रेड '.रिझल्ट'वर अडून बसला असेल, तर फंक्शनचा उरलेला भाग यूआय थ्रेड मोकळा होण्याची वाट बघतो आणि यूआय थ्रेड फंक्शन संपण्याची. यातून कुणीच सुटत नाही, एररही येत नाही. ब्रेक ऑल केल्यावर मेन थ्रेड '.रिझल्ट'च्या ओळीवर उभा दिसला की हेच झालंय असं समजा.

तिसरं, 'असिंक व्हॉइड' सगळीकडे पसरवणं. ते फक्त इव्हेंट हँडलरसाठी आहे. बाकी प्रत्येक असिंक फंक्शनने 'टास्क' परत केला पाहिजे. नाहीतर बोलावणाऱ्याला त्याची वाट पाहता येत नाही आणि त्यातलं एक्सेप्शन तुमच्या ट्राय-कॅचमध्ये सापडतच नाही.

क्रॉस-थ्रेडचा एरर

कंट्रोल ज्या थ्रेडने बनवला त्याच थ्रेडने त्याला हात लावायचा, हा विंडोज फॉर्म्सचा नियम आहे. तुमच्या थ्रेडने लेबल१ बदलायचा प्रयत्न केला म्हणून तो एरर आला. 'चेक-फॉर-इल्लीगल-क्रॉस-थ्रेड-कॉल्स' फॉल्स केलं की एरर जातो, हे खरं आहे. चूक जात नाही, फक्त पहारेकरी हटतो. मग कधी ग्रीडवर मोठी लाल फुली उमटते, कधी आठवड्यातून एकदा प्रोग्रॅम पडतो आणि तो तुमच्यासमोर कधीच पडत नाही. आणखी एक गोष्ट माहीत असू द्या: ही तपासणी मुळात डीबगर जोडलेला असतानाच चालू असते. म्हणून एक्झी थेट चालवल्यावर एरर दिसला नाही, यावरून कोड बरोबर आहे असं ठरत नाही.

आकडा दाखवण्यासाठी 'प्रोग्रेस' हा क्लास वापरा. हँडलरमध्ये, 'टास्क.रन'च्या आधी, 'प्रोग्रेस<इंट>' तयार करा आणि त्याला लेबल बदलणारी एक ओळ द्या. आतल्या फंक्शनला तो 'आय-प्रोग्रेस<इंट>' म्हणून पाठवा, तिथे फक्त 'रिपोर्ट' करा. ऑब्जेक्ट ज्या थ्रेडवर तयार होतो त्याचा कॉन्टेक्स्ट तो पकडून ठेवतो, म्हणून जागा महत्त्वाची. तोच 'टास्क.रन'च्या आत बनवलात तर क्रॉस-थ्रेडचा एरर पुन्हा हजर होईल.

प्रत्येक ओळीला रिपोर्ट करू नका. ४०,००० ओळी दोन सेकंदांत आत गेल्या आणि प्रत्येकीने एक मेसेज टाकला, तर यूआयची रांग त्याच मेसेजेसनी भरते आणि सगळं बॅकग्राउंडला असूनही फॉर्म पुन्हा अडकतो. 'असिंक लावलं तरी हँग होतं' या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं. ओळ क्रमांकाला ५०० ने पूर्ण भाग जात असेल तेव्हाच रिपोर्ट करा. एकूण ८० रिपोर्ट होतील, माणसाच्या डोळ्याला तेवढे पुरतात.

रद्द करणं आणि मध्येच फॉर्म बंद होणं

विंडो मोकळी झाली की वापरणारा तिला हात लावणार. इम्पोर्ट चालू असताना त्याने फुलीवर क्लिक केलं, तर फॉर्म नष्ट होतो आणि नंतर येणारी लेबल बदलण्याची ओळ 'ऑब्जेक्ट-डिस्पोज्ड-एक्सेप्शन'ने पडू शकते.

फॉर्ममध्ये एक 'कॅन्सलेशन-टोकन-सोर्स' ठेवा. लूपमध्ये प्रत्येक ओळीला 'थ्रो-इफ-कॅन्सलेशन-रिक्वेस्टेड' बोलवा. ही तपासणी इतकी स्वस्त आहे की ५०० ओळींचा हिशेब इथे नको. 'फॉर्म-क्लोझिंग' इव्हेंटमध्ये इम्पोर्ट चालू असेल तर 'ई.कॅन्सल' ट्रू करा, सोर्सवर 'कॅन्सल' बोलवा आणि 'बंद करायचंय' असा एक बूल लावून ठेवा. हँडलरच्या शेवटी, फायनली झाल्यावर, तो बूल ट्रू असेल तर 'क्लोज' करा. ट्रान्झॅक्शन आधीच असल्यामुळे रद्द झालेली इम्पोर्ट डेटाबेसमध्ये काहीही ठेवत नाही.

'ऑपरेशन-कॅन्सल्ड-एक्सेप्शन'साठी वेगळा कॅच लिहा, वापरणाऱ्याने स्वतः रद्द केल्यावर त्याला एरर दाखवू नका. डीबगरमध्ये चालवताना व्हिज्युअल स्टुडिओ या एक्सेप्शनवर थांबून ते तुमच्या कोडने हाताळलं नसल्याचं सांगू शकतो. 'कंटिन्यू' दाबा, ते पुढे तुमच्या कॅचमध्येच पोचतं.

नोंदी दोनदा का पडल्या

'डू-इव्हेंट्स' रांगेतले साचलेले मेसेज तिथल्या तिथे, तुमच्या लूपच्या पोटात, निकालात काढतं. हँग दिसल्यावर वापरणाऱ्याने इम्पोर्टवर दुसऱ्यांदा क्लिक केलेलं असतं. तेही क्लिक त्याच रांगेत असतं. मग पहिली इम्पोर्ट अर्ध्यावर असताना तिच्या आतच दुसरी सुरू होते, पूर्ण संपते आणि मग पहिली उरलेल्या ओळी टाकते. व्हिज्युअल बेसिक ६ च्या काळात सोपा पर्याय नव्हता म्हणून हा उपाय रुळला. आज नवीन कोडमध्ये तो टाकण्याचं कारण उरलेलं नाही.

टायमरबद्दल एक शब्द. टूलबॉक्समधला टायमर यूआय थ्रेडवरच ठोके देतो; त्याच्या 'टिक'मध्ये जड काम टाकलंत तर फॉर्म तितकाच अडकेल. आणि लूपमध्ये थोडं थांबायचं असेल तर 'थ्रेड.स्लीप' नको, 'अवेट टास्क.डिले' वापरा.

इम्पोर्ट झाली, आता ग्रीड अडकतोय

हे तुम्ही विचारलेलं नाही, पण पुढची तक्रार हीच असणार. डेटा-ग्रीड-व्ह्यूमध्ये 'रोज.ॲड'ने एकेक ओळ घालू नका. बॅकग्राउंडला 'डेटा-टेबल' भरा आणि 'अवेट'नंतर ते एकदाच 'डेटा-सोर्स'ला द्या. एकदा जोडल्यावर त्या टेबलला दुसऱ्या थ्रेडवरून हात लावू नका. वरची लाल फुली अशानेही येते. 'ऑटो-साइझ-कॉलम्स-मोड' जर 'ऑल-सेल्स'वर असेल तर रुंदी ठरवायला ग्रीड प्रत्येक ओळीतला प्रत्येक सेल मोजतो. 'डिस्प्लेड-सेल्स' करा, फरक लगेच जाणवेल. खरं तर दुकानदाराला ४०,००० ओळी एकत्र बघायच्याच नसतात. वर शोधाची चौकट आणि क्वेरीला २०० ओळींची मर्यादा, एवढ्यात त्याचं काम भागतं.

दुकानातल्या पीसीवर तारखा का बदलल्या

'डेट-टाइम.पार्स' त्या त्या पीसीच्या रिजनल सेटिंगप्रमाणे तारीख वाचतं. तुमच्याकडे भारतीय इंग्रजी आहे, दिवस आधी. दुकानातल्या पीसीवर विंडोज अमेरिकन इंग्रजीतच राहिलेलं आहे, महिना आधी. मग २५/०५/२०२४ वर 'स्ट्रिंग वॉज नॉट रेकग्नाइज्ड ॲज अ व्हॅलिड डेट-टाइम' येतं, कारण पंचविसावा महिना नाही. ०४/०५/२०२४ मात्र कसलीही तक्रार न करता ४ मेऐवजी ५ एप्रिल होऊन बसतं. हे दुसरं जास्त घातक, कारण ते महिन्याच्या हिशेबात कळतं.

'पार्स-एक्झॅक्ट' वापरा, फॉरमॅट स्वतः द्या आणि कल्चर 'इन्व्हेरियंट' (पीसीच्या रिजनल सेटिंगवर न अवलंबणारं) ठेवा. फॉरमॅटमध्ये दोन लहान डी, दोन मोठे एम, चार लहान वाय. लहान एम म्हणजे मिनिटं. तिथे चूक झाली तर महिना हरवतो. कल्चर इन्व्हेरियंट ठेवण्याचं कारण असं की फॉरमॅटमधली तिरकी रेघ 'या पीसीचं तारीख-चिन्ह' अशा अर्थाने वाचली जाते, आणि भारतीय सेटिंगमध्ये ते पुष्कळदा आडवी रेघ असतं. डेटाबेसमध्ये वर्ष-महिना-दिवस या क्रमाने मजकूर म्हणून साठवा. एसक्यूलाइटला तारखेचा वेगळा प्रकार नाही, आणि या क्रमाने लिहिलेल्या तारखा साध्या अक्षरक्रमानेही बरोबर लागतात.

फाइल मध्ये कुणी एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली नाही ना, हेही विचारा. एक्सेल तारखा स्वतःच्या पीसीच्या पद्धतीने पुन्हा लिहितं.

मराठी नावांची प्रश्नचिन्हं

आधी मूळ सीएसव्ही नोटपॅडमध्ये उघडा. तिथेच प्रश्नचिन्हं असतील तर तुमचा प्रोग्रॅम निर्दोष आहे. एक्सेलमधून साधं 'सीएसव्ही, कॉमा डीलिमिटेड' निवडलं की फाइल त्या पीसीच्या जुन्या कोड पेजमध्ये (अक्षरांना आकडे देणाऱ्या जुन्या तक्त्यात) जाते. देवनागरीसाठी विंडोजमध्ये असं कोड पेजच नाही, म्हणून प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह लिहिलं जातं. ती नावं फाइलमधून गेलेली असतात, कुठल्याही कोडने परत येत नाहीत. मूळ शीटवरून 'सीएसव्ही यूटीएफ-८' निवडून पुन्हा सेव्ह करा.

नोटपॅडमध्ये नावं नीट आहेत पण प्रोग्रॅममध्ये टोप्या-मात्रा लावलेली रोमन अक्षरं दिसतात, तर यूटीएफ-८ फाइल दुसऱ्याच एन्कोडिंगने वाचली जातेय. 'स्ट्रीम-रीडर'ला 'एन्कोडिंग.यूटीएफ८' द्या आणि कुठूनतरी उचललेलं 'एन्कोडिंग.डीफॉल्ट' काढा. नोटपॅडमध्ये असंबद्ध रोमन अक्षरं आणि जुन्या प्रोग्रॅममध्ये मात्र छान मराठी, असं असेल तर तो डेटा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्ट-एन्कोडिंगमधला आहे. त्याला आधी युनिकोडमध्ये बदलणारा कन्व्हर्टर लागेल. इम्पोर्टच्या कोडमध्ये ते सुटणार नाही.

ओळ 'स्प्लिट'ने स्वल्पविरामावर तोडताय तेही बदला. पत्त्यात स्वल्पविराम असतोच, आणि अवतरणचिन्हांतला स्वल्पविराम 'स्प्लिट'ला कळत नाही. 'मायक्रोसॉफ्ट.व्हिज्युअल-बेसिक.फाइल-आयओ'मधला 'टेक्स्ट-फील्ड-पार्सर' सी-शार्पमधूनही वापरता येतो. त्याचं 'हॅज-फील्ड्स-एनक्लोज्ड-इन-कोट्स' ट्रू ठेवा.

डेटाबेस फाइल कुठे ठेवता

इम्पोर्ट यशस्वी झाली, पण दुसऱ्या दिवशी एफ५ दाबल्यावर सगळं गायब, असं झालं तर घाबरू नका. डेटाबेस फाइल प्रोजेक्टमध्ये जोडून तिचं 'कॉपी टू आउटपुट डिरेक्टरी' जर 'कॉपी ऑल्वेज' असेल, तर बिल्ड करताना प्रोजेक्टमधली रिकामी फाइल बिन फोल्डरमधल्या भरलेल्या फाइलवर येऊन बसते. 'डू नॉट कॉपी' करा.

फाइल प्रोग्रॅम फाइल्सच्या फोल्डरमध्येही ठेवू नका. साध्या वापरकर्त्याला तिथे लिहायची परवानगी नसते आणि 'ॲटेम्प्ट टू राइट अ रीडओन्ली डेटाबेस' असा एरर येतो. 'एन्व्हायर्नमेंट.गेट-फोल्डर-पाथ'ला 'लोकल-ॲप्लिकेशन-डेटा' देऊन मिळणाऱ्या जागेत स्वतःच्या नावाचं फोल्डर करा आणि प्रोग्रॅम सुरू होताना टेबलं 'क्रिएट टेबल इफ नॉट एक्झिस्ट्स'ने बनवा. फोल्डर आधी बनवायला विसरलात तर 'अनएबल टु ओपन डेटाबेस फाइल' दिसेल. 'नो सच टेबल' दिसलं तर बहुधा पाथ चुकलाय: त्या जागी फाइल नाही हे बघून प्रोव्हायडरने गुपचूप नवी, रिकामी फाइल बनवलेली असते. पूर्ण पाथ फॉर्मच्या शीर्षकात तात्पुरता छापून बघा, कुठली फाइल उघडतेय ते लगेच कळेल.

बदल एकदम करू नका. ट्रान्झॅक्शन लावा, वेळ 'स्टॉपवॉच'ने मोजा, मग 'टास्क.रन'कडे जा, मग प्रोग्रेस, शेवटी रद्द करणं. एवढं करूनही कुठे अडलात तर पुढच्या वेळी एररचा पूर्ण मजकूर स्टॅक ट्रेससकट द्या, क्लिक हँडलर आणि इम्पोर्टचं फंक्शन जसंच्या तसं द्या, डॉटनेटची आवृत्ती आणि एसक्यूलाइटचा कोणता प्रोव्हायडर ते सांगा. हँगच असेल तर ब्रेक ऑलनंतरच्या मेन थ्रेडच्या कॉल स्टॅकमधल्या वरच्या दहा ओळी आणि ग्राहकांची नावं बदलून सीएसव्हीच्या पाच ओळीही जोडा.